ताट धुऊन प्यायलेलं पाणी

प्रिय अव्वा,

फोनवर तू रडायला लागलीस की माझं उत्तर पोटातच राहतं, म्हणून हा कागद. तुझ्या लेकानं, सोमेशनं, येत्या सोमवारी तुला लातूरहून उदगीरला लेकीकडं आणून सोडावं आणि मी मागची खोली तुला द्यावी, असं तुझं म्हणणं. तिथं दम कोंडतो, उज्वला वाळकी भाकरी पुढं सरकवते, सून असून एक शब्द गोड नाही. ऐकलं सगळं. उत्तर देतेच, पण आज जरा माझं ऐक. आजवर मीच ऐकत आले.

हे जाऊन आठ महिने झाले. पोरी, दिवस कसे काढतीस, असं तू विचारतेस. खरं सांगू? शिवाची कृपा म्हणतात ती मला आत्ता कुठं दिसायला लागली. सकाळी लिंगपूजा झाली की आलं ठेचून चहा करते आणि तो गरम असताना पिते. हसू नकोस. एकवीस वर्षांत गरम चहा पुरता प्यायल्याचं आठवत नाही मला. काल आठव्या दिवशी नळ आला, हंडे भरून वर जास्वंदीला बादलीभर घातलं. कडक भाकरीच्या ऑर्डरी लई येतात. शेजारची नागुबाई थापायला येते, आम्ही खदाखदा हसतो आणि आतून कुणी खेकसत नाही. आणि जेवताना ताटात दोन घास मुद्दाम ठेवते, कुत्र्याला घालते. ते दोन घास टाकताना देव जवळ उभा असल्यासारखं वाटतं, तसं मठातसुद्धा कधी वाटलं नाही.

आपल्या घरी ताटात काही टाकणं म्हणजे पाप. पुढ्यात आला तो शिवाचा प्रसाद. कारलं असो, करपलेलं असो, संपवायचं, ताट धुवायचं आणि ते पाणीही प्यायचं. ‘साकु’, म्हणजे पुरे, हा शब्द तू आम्हा दोघा भावंडांना तोंडातून काढू दिला नाहीस. जेवणापुरतं होतं तोवर बरंच होतं गं. तू ते संसारालाही लावलंस.

पहिल्यांदा मी उदगीरहून पळून आले तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. तू पाठीवरचे वळ बघितलेस, पुरणपोळीवर तूप वाढलंस आणि दुपारच्या बसला बसवून दिलंस. शिवानं जे ताटात घातलं ते धुऊन प्यायचं, म्हणालीस. दुसऱ्यांदा आले तेव्हा अक्षरा पोटात होती, तरी तीच बस. तिसऱ्यांदा मनगट मोडलं होतं. तू हळद लावलीस आणि सुजलेल्या हातावर हिरव्या बांगड्या चढवल्यास, बसमध्ये कुणाला दिसू नये म्हणून. कसा गं हात धजला तुझा? मी ओरडलेसुद्धा नाही. उलट मलाच लाज वाटायची की मला प्रसाद नीट घेता येत नाही. एकदा ह्यांनी आमटीचं ताट माझ्या अंगावर फेकलं. मी फरशी पुसली, ते ताट धुतलं आणि ते पाणी प्यायले, पुण्य लागेल म्हणून. एवढी येडी होते मी.

मग हे मोंढ्याच्या बाजारात तुरीच्या पोत्यांजवळ कोसळले. मातीला तू आलीस आणि देवानं तुझं सौभाग्य नेलं म्हणत माझ्या गळ्यात पडलीस. मी हमसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं, दुःखानं.

आता खोलीचं. मागची खोली मी चुना देऊन घेतली, नवी गादी भरून आणली, दाराला आतून कडी बसवली. पण अव्वा, ती तुझ्यासाठी नाही. तुझ्या भल्यासाठीच नाही म्हणते, असलं खोटं लिहिणार नाही. श्रावणात मी तुमच्याकडं आले तेव्हा उज्वलाची मान सुजलेली होती. सोमेशचं काम. तू तिच्याजवळ बसून जे समजावलंस ते मी दारातून ऐकलं; शब्द न् शब्द माझ्या ओळखीचा. आणि मीही गुपचूप संध्याकाळची बस धरली. त्याची बोच मला झोपू देत नाही.

मोतीबिंदूनं तुला अक्षर दिसत नाही आणि सोमेश आत्ता दुकानात आहे, म्हणजे हे तुला उज्वलाच वाचून दाखवत असणार. तिच्यासाठीच लिहिलंय. उज्वला, थांबू नकोस, मोठ्यानं वाच, तिला ऐकू दे. तुझा फोन त्यानं काढून घेतलाय, अव्वाच्या फोनवर बोलावं तर ती शेजारी असते. आणि मला चोरून न्यायचं नाही तुला, तिच्यादेखत न्यायचंय. खोली तुझी आहे. अव्वा तिच्या लेकाजवळ राहील. तिनंच घडवलाय तो. चिठ्ठी देऊन गेला त्या रिक्षावाल्याच्याच रिक्षात मी खाली बसलेय. वर येणार नाही, तिला बघितलं तर विरघळेन मी. कागद तिच्या मांडीवर ठेव, तुझ्या लेकराला घे आणि खाली ये.

तुझीच,
मंजुश्री