हर्षदभाईंच्या नावाचा दुधी

चारकोप,
सोमवार, १२ जानेवारी

तीर्थस्वरूप रत्नप्रभाआक्कास,

काशीरामचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाचच अंगं सध्या जमिनीला टेकतात. उरलेली तीन काल मनोरीच्या खडकावर दुखावली. ती टेकली असं समजून घे.) आम्ही इथे बरे आहोत. तुझी कंबर कशी आहे? विहिरीचा पंप सुरू झाला, की अजून कळशीच? अंगणात सुपारी वाळत घातली असशील तर ती उचलायला वाकू नकोस, कुणाला तरी सांग. (तू सांगणार नाहीस. पण पत्रात असं लिहायची पद्धत आहे.) लताने नमस्कार सांगितला आहे. अक्षताने काही सांगितलेलं नाही. ती आपल्या खोलीत निकालाची वाट बघत बसली आहे.

तू म्हणालीस म्हणून पत्र लिहितो. फोनवर मी थापा मारतो असं तुझं जुनं मत आहे. अक्षताचं त्या यज्ञेशशी लग्न व्हावं की नाही हे तू ठरवायचं, आणि तुझा होकार आल्याशिवाय ती एक पाऊल पुढे टाकणार नाही, इथवर आपलं ठरलेलं आहे. (बाप म्हणून माझ्या होकाराचं काय, असं मी एकदा विचारून पाहिलं. मायलेकी हसल्या. वाईट वाटून घ्यावं इतक्या मोठ्याने हसल्या नाहीत.) तुझ्या हरकती मला पाठ आहेत. मुलगा आपल्यातला नाही, मनोरीचा कोळी आहे. अंधेरीच्या ऑफिसातली नोकरी सोडून तो लोकांना समुद्रकाठाने चालवतो. आणि शेवटी त्या लोकांना त्याची आई घरी जेवायला घालते, पैसे घेऊन. पहिल्या हरकतीवर मी एवढंच म्हणालो होतो, की आपण मासे खाणारे आणि ते मासे आणणारे, फरक तेवढाच. तू फोन ठेवलास. दोन दिवसांनी स्वतःच केलास आणि म्हणालीस, “मेल्या, आधी त्या घराचा पाणी पिवन ये. मगे तोंड उघड.”

ही आपल्या घरची रीत मला अक्षताला समजावून सांगावी लागली. सोयरीक ठरण्याआधी आपलं एक माणूस न कळवता त्या घरी जातं, काहीतरी निमित्त काढून पाणी मागतं, आणि घर बघून येतं. कळवून गेलं की पोहे दिसतात, घर दिसत नाही. तुझ्या वेळी बाबा भावोजींच्या दारात बैल विकत घ्यायला आलो म्हणून उभे राहिले, आणि संकोचापोटी खरंच बैल घेऊन परतले. (बैल मारका निघाला. भावोजी निघाले नाहीत. रीत निम्मी तरी खरी.) मनोरीला बैलाचं निमित्त चालणार नव्हतं. पण त्या मुलाच्या रविवारच्या वाटचालीत कुणालाही नाव नोंदवता येतं, आणि पाण्याची तर काळजीच नाही, ते जेवणात धरलेलं असतं. अडचण एकच होती. माझं नाव आणि नंबर त्याच्याकडे असणार. म्हणून वरच्या मजल्यावरच्या हर्षदभाईंच्या फोनवरून, हर्षदभाईंच्याच नावाने, आम्हा दोघांच्या जागा घेतल्या. हर्षदभाईंचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं आहे. असलं काही निघालं की ते खुलतात. त्यांनी उत्साहाने फॉर्म भरला आणि मी शेजारी बसून चहा प्यायलो. फॉर्ममध्ये काय काय विचारलं होतं ते मी बघितलं नाही. सगळं पुढचं त्या चहामुळे झालं.

काल सकाळी आठ वाजता गोराईच्या खाडीवर आम्ही बारा जण जमलो. यज्ञेश हातात कागद घेऊन उभा होता. मध्यम उंची, रापलेला, पायात साध्या रबरी चपला. (बाकी सगळ्यांच्या पायांत डोंगर चढायचे बूट.) त्याने नाव पुकारलं, “हर्षदभाई?” मी हात वर केला. त्याने माझ्याकडे बघितलं, लताकडे बघितलं आणि कागदावर खूण केली. चेहरा अगदी कोरा. मला वाटलं, जमलं.

बोटीने पलीकडे गेलो आणि गोराईच्या वाळूवरून दक्षिणेला चालू लागलो. ओहोटी होती, हवा गार होती. चालायला सुखाचं होतं, पण माझ्या बाजूला मुलुंडच्या एक बाई आल्या आणि हर्षदभाई हे नाव ऐकून माझ्याशी गुजरातीत बोलू लागल्या. मला गुजराती चार शब्द येतात. मी मान हलवत राहिलो. बाईंनी आपल्या सुनेची सगळी हकिगत सांगितली आणि मी सगळीकडे होकार दिला, त्यामुळे सुनेचं काय झालं असेल कोण जाणे. शेवटी त्या लताला म्हणाल्या, “तमारा ए बहु शांत छे.” लता म्हणाली, “बाहेर.”

मुलाकडे माझं लक्ष होतं. तो बोलतो कमी. दर वळणावर थांबून ओठांतल्या ओठांत माणसं मोजतो. वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसली, तेव्हा ती खेकड्याची पिल्लं कशी करतात हे त्याने सांगितलं, आणि मग सगळ्यांना नक्षीला वळसा घालून नेलं. एका तरुणाने खडकातल्या डबक्यातून जिवंत शंख उचलून खिशात टाकला. यज्ञेश म्हणाला, “दादा, आत माणूस आहे.” तो म्हणाला, “एकच तर आहे यार.” यज्ञेश म्हणाला, “तुम्हीपण घरी एकच असाल ना? ठेवा.” आवाज न चढवता. तरुणाने ठेवला. मग खडकांना चिकटलेली कालवं आली. तू कोयत्याच्या टोकाने ती फोडायचीस आणि मी खाली टोपली धरायचो, तीच ही. यज्ञेश मला म्हणाला, “हर्षदभाई, हात लावून बघा. चावत नाहीत.” साठ वर्षांच्या वेंगुर्लेकराने कालवाला घाबरत घाबरत बोट लावलं. आक्का, तुझ्या रीतीसाठी मी काय काय केलं आहे याची नोंद असावी.

तिथेच माझा पाय सरकला. पडताना माणूस आपल्या भाषेत पडतो. “गे आये, मेलंय!” असं मी इतक्या मोठ्याने ओरडलो की बगळे उठले. मुलुंडच्या बाईंनी लताला विचारलं, ही कुठली भाषा? लता शांतपणे म्हणाली, कच्छी. बाई म्हणाल्या, त्या स्वतः कच्छी आहेत. लता उडालेले बगळे मोजू लागली. यज्ञेशने माझा गुडघा धुतला, पट्टी बांधली आणि पुढचे दोन किलोमीटर माझ्या डाव्या हाताला चालला. हात धरला नाही. धरायला लागला तर असावा, एवढ्या अंतरावर राहिला. (हे मी लताला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही मात्र वेंगुर्ल्याच्या बाजारात मला पुढे सोडून आला होतात.” ते प्रकरण तुला माहीतच आहे.)

दुपारी बाराला त्यांच्या घरी पोचलो. दोन खोल्या, पुढे लांब ओटी, ओटीच्या टोकाला दोरीवर वाळत घातलेले बोंबील, दारात तुळस. त्याच्या आईचं नाव सुगंधाबाई. नवरा नाही. आवाज धक्क्यावरचा आहे, पण माणसाला ‘या’ म्हणताना खाली येतो. पाणी मिळालं. मी ते प्यायलो आणि मनात म्हटलं, आक्काचं काम झालं, आता जेवू. आतून बांगड्याच्या कालवणाचा वास येत होता. तांदळाच्या भाकऱ्या येत होत्या, तळलेल्या मांदेलीचं ताट समोरून गेलं. तुझा पहिला प्रश्न काय असेल ते मला पक्कं ठाऊक होतं, की तिच्या हाताला कालवण जमतं का. मी बाही वर केली.

आमच्या दोघांपुढे दोन वेगळी ताटं आली. दुधीची भाजी, मुगाचं वरण, भाकरी. सुगंधाबाई म्हणाल्या, “घ्या भाई, लाजू नका. कांदा नाय, लसूण नाय, बटाटा नाय. कढई नवीन आनली. पहाटे अंघोळ करून पयली तुमची भाजी केली, म्हावऱ्याला मंग हात लावला. शेजारनीची चूल घेतली, म्हनलं आमच्या चुलीला वास असतो.” हर्षदभाईंनी फॉर्ममध्ये आपल्या सवयीने ‘जैन’ असं भरलं होतं.

काय करणार? बोललो तर सोंग उघडं पडतं. आम्ही दुधी खाऊ लागलो. डावीकडे मांदेली, उजवीकडे मांदेली. मुलुंडच्या बाईसुद्धा बांगडा खात होत्या. (त्यांनी फॉर्म स्वतः भरला होता.) मी दुधीकडे बघत होतो आणि एक गोष्ट हळूहळू माझ्या डोक्यात शिरत होती. ही दोन माणसं या बाईला पुन्हा कधी दिसणार नव्हती. त्यांना काय कळणार होतं, कढई नवी की जुनी? तिने जुन्याच कढईत परतून दिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. यज्ञेश बाहेर हात धुवायला पाणी घालत उभा होता आणि ती आत दहा माणसांचं म्हावरं सांभाळून दर दोन मिनिटांनी आमच्या ताटात बघून जात होती, दुधी आवडला का म्हणून. दुधी चांगला होता, आक्का. मी दुधीबद्दल चांगलं लिहितो आहे, यावरून काय ते समज.

सोंग लताने उघडं पाडलं. तिसऱ्यांदा कालवणाचं पातेलं तिच्या नाकासमोरून गेलं तेव्हा तिला राहवलं नाही. ती म्हणाली, “बांगड्याला तुम्ही तिरफळं नाही घालत?”

सुगंधाबाई पातेलं हातात घेऊन थांबल्या. “भाई,” त्या मला म्हणाल्या, “तुमची बाई जैन कवापासून?”

मी दाराकडे बघितलं. यज्ञेश तांब्या धरून उभा होता आणि पहिल्यांदाच हसत होता. म्हणाला, “आई, हे अक्षताचे बाबा.” जेट्टीवरच त्याने आम्हाला ओळखलं होतं. अक्षताच्या फोनच्या पडद्यावर आम्ही दोघं रोज असतो. मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तिने पापलेटं आणली असती, काका. तुम्ही पापलेटंच बघून गेला असतात.” बरं, पण मला तरी सांगायचंस, दुधी तरी चुकला असता. तर म्हणतो, “फॉर्म म्हणजे फॉर्म.”

सुगंधाबाई रागावल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि लताला म्हणाल्या, “तिरफळं तुमच्याकडं. आमच्याकडं चिंच. आन उठायचं नाय. आधी तो दुधी संपवा, नव्या कढईतला हाय.” आम्ही संपवला. मग दुसरं ताट आलं. कालवणाविषयी एकच वाक्य लिहितो, कारण जास्त लिहिलं तर पक्षपात वाटेल. लताने तिसऱ्यांदा घेतलं, आणि तिरफळांचं नाव पुन्हा काढलं नाही.

जे बघितलं ते लिहिलं. मत दिलेलं नाही. ठरवायचं तुला आहे. मी तिथे कुणाला काही शब्द दिलेला नाही आणि देणारही नाही. सावकाश विचार कर, घाई कसली? कंबर सांभाळ.

तुझा धाकटा,
काशीराम

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. दुसरं ताट चालू असताना सुगंधाबाईंनी विचारलं, “तुमच्या घरात मोठं मानूस कोन?” मी म्हटलं, आमची आक्का. “त्यांचा होकार हाय?” तोंडात बांगडा होता, मी मान हलवली. “कवा दिला?” शनिवारी, म्हटलं, पत्राने. “मंग आज चोरून कशाला आलात?” मी म्हटलं, चालायला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मंग ते पत्र मला दाखवा. मोठ्या मानसाचा शब्द डोळ्यांनी वाचला की झोप लागते.” येत्या रविवारी मायलेक चारकोपला आमच्याकडे जेवायला येत आहेत. तेव्हा कृपा करून होकाराचं एक पत्र लिही. चार ओळी पुरे. वर तारीख शनिवारची, दहा जानेवारीची घाल आणि स्पीड पोस्टाने पाठव. पाकिटावरच्या शिक्क्याचं मी बघतो.

ता. क. २. अक्षताने आत्ता माझ्या खांद्यावरून हे वाचलं. ती म्हणते, आत्येला खोटं लिहायला लावू नका. तिला जे वाटतं तेच तिने लिहावं. बरोबर आहे. तेव्हा नकारच द्यायचा असेल तर तोही लिही. त्यावर खरी तारीख घाल, पत्ता नीट लिहू नकोस, आणि साध्या टपालात टाक.