भाऊजींचं इंजिन टॉनिक

४ ऑक्टोबर
भाऊजींनी नवीन खूळ आणलंय. ह्यांचे थोरले भाऊ, पण अक्कल पाळण्यातली. होडीच्या इंजिनाला म्हणे टॉनिक! मोबाइलवर कुणीतरी दाखवलं, लगेच आणली बाटली. "हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल. पाणी ओढतं ते. हे घातलं की इंजिन नवं." म्हटलं, घाला, पण झाकणभरच, बाटलीवर तसंच लिहिलंय. आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल नेहमीएवढं पडलंच पाहिजे, नाहीतर इंजिन जाम. तर मला म्हणतात, "तू चूल बघ."
लग्न झाल्यापासून पेट्रोलमध्ये तेल मी कालवते. इंजिनाने एकदा तक्रार केली नाही. तेव्हा नाही आठवली भाऊजींना चूल.

६ ऑक्टो.
सकाळी भाऊजींनी पेट्रोलचा कॅन माझ्याआधी उचलला. स्वतःच भरला. दोघं भाऊ गेले खाडीत. मी काही बोलले नाही. म्हणजे खूप बोलले, भांड्यांशी.

संध्या.
इंजिन जाम! ऐन ओहोटीत. भरती येईपर्यंत चिखलात बसून होते. माखून आले दोघं. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.
घरात आल्यावर हे हळूच म्हणाले, "दादाने तेल घातलंच नाही. बाटलीत असतंच म्हणाला. अर्धी बाटली ओतली." आणि तुम्ही काय करत होतात? "दादा आहे ना तो."

९ ऑक्टो.
मेकॅनिकने इंजिन उघडलं. पिस्टनवर नुसते ओरखडे. "ह्याला तेलच मिळालं नाही. कालवतं कोण?"
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊजींनीपण! वर म्हणाले, "सुषमाच कालवते." मेल्याच्या जिभेला काही हाड?
सासूबाई सुरू, "बायकांचे हातान इंजिन दिल्यावर दुसरा काय व्हनार!"
सांगितलं मी, त्या दिवशी कॅन कोणी भरला ते. भाऊजी म्हणाले, खोटं बोलते. मग मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाना पुसत बसले. पुसा.

११ ऑक्टो.
ह्यांना जेवण वाढते, बोलत नाही. इंजिनाचं काय, नवा पिस्टन बसेल. पण आज नळावर शेजारीण विचारते, "तेल विसरलीस का गं?" अख्ख्या कोपरी गावात पसरवलंय. आणि ज्याने डोळ्यांनी बघितलं, तो माझ्याच हातचं जेवतो. चीड येते नुसती. भाऊजींची कमी, ह्यांची जास्त.

१५ ऑक्टो.
पिस्टन बसला. उद्या होडी काढायची. संध्याकाळी हे रिकामा कॅन घेऊन माझ्यासमोर. "पेट्रोल आणतो, तू कालव ना. तुझ्याच हातचं बरं."
म्हटलं, ठेवा तो खाली. आधी आईंसमोर, तुमच्या दादासमोर सांगा, तेल न घालता कॅन कोणी भरला ते. तोवर ह्या कॅनला माझा हात लागणार नाही. भावाचं टॉनिक आहे अजून अर्धी बाटली, तेच ओता.
कॅन खाली ठेवला. मग चप्पल घातली न् गेले. कुठे, ते मी विचारलं नाही.
कॅन इथेच आहे, रिकामाच.