सूनबाईचं जज्जाचं इलेक्शन

३ मार्च, सोमवार

सूनबाई जज्ज होणार. मॅजिस्ट्रेट म्हणतात इथे विलायतेत. मी चौथी शिकलेली, आणि माझ्या घरात जज्ज. देवापुढे साखर ठेवली. वीणा म्हणाली, आई, दोन वर्षं थांबून आत्ता कुठे फॉर्म भरलाय, कुणाला सांगू नका. बरं म्हटलं. मग मंडळातल्या मधुमतीला फोन केला, तिला तरी कळायला नको का. ती म्हणाली, पगार किती? पगार नसतो म्हटल्यावर हसली. हिचा जावई हॅरोत दात दाखवून घरं विकतो. असल्यांना न्याय काय कळणार.

५ मार्च, बुधवार

टेक्सासहून भाची आश्लेषाचा फोन. तिच्याकडे जज्ज लोक मतं देऊन निवडतात. अंगणात नावाच्या पाट्या लावतात. काम आवडलं नाही तर काही वर्षांनी मत देऊनच घरी बसवतात. म्हणजे इलेक्शन असतं तर. आणि आमची वीणा रजा काढून कोर्टात मागच्या बाकावर बसून वही भरतेय.

यतीनला सांगितलं. तो म्हणाला, आई, इथे मतदान नसतं, इंटरव्ह्यू असतो, मागची-पुढची चौकशी होते. माझा मुलगा कॉम्प्युटरमध्ये हुशार, बाकी सगळा आनंद. ह्यांनी ग्रामपंचायत तीनदा लढवली, तीनदा पडले. तिन्ही वेळेला प्रचार मीच सांभाळला. एवढा अनुभव घरात, आणि ही दोघं फॉर्म भरत बसलीत.

९ मार्च, रविवार

नात दियाकडून पत्रकं छापून घेतली. वर वीणाचा लग्नातला फोटो, खाली निशाणी कुकर. दिया म्हणाली, आजी, हा चिठ्ठी अलाउड आहे का? म्हटलं, तू छाप. वीणा रीडिंग गावी मैत्रिणीकडे गेली होती, तेवढ्यात मंडळात सत्तेचाळीस वाटली. मधुमतीने पत्रकावर भजी ठेवून खाल्ली. तिच्याकडून अजून काय होणार.

२० मार्च, गुरुवार

इंटरव्ह्यू झाला. समोर तिघं होते. वीणा खुशीत होती, मला मिठी मारली. त्यांनी विचारलं म्हणे, कोर्टाला कमीपणा येईल असं तुमच्या घरात काही आहे का. ती म्हणाली, नाही. आहेच कुठे. विचारायचं तर मधुमतीला विचारा.

पण मुद्दा तो नाही. मतं तीनच. सत्तेचाळीस पत्रकं वाया गेली. त्या तिघांच्या कमिटीचा पत्ता वीणाच्या फाइलमध्ये आहे.

२२ मार्च, शनिवार

बेसनाचे लाडू. तीन डबे, प्रत्येकी अकरा. आत पत्रक आणि दियाने इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी : आमच्या वीणाकडे लक्ष असू द्या. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय आहे? स्वीट म्हटलं. गोरे असले म्हणून काय झालं, जीभ सगळ्यांना असते. निकाल लागल्यातच जमा.

१ एप्रिल, मंगळवार

डबे परत आले. उघडले, मोजले, एकही लाडू कमी नाही. साजूक तुपातला लाडू हातात येऊन ज्यांना खाववत नाही, ते लोकांचा न्याय करणार. सोबत वीणाच्या नावाने पत्र. यतीनने वाचून दाखवलं. तिघांनाही वीणा पसंत होती. पण उमेदवाराच्या घरून कमिटीला भेटवस्तू आल्या, म्हणून तिचं नाव पुढे पाठवता येत नाही.

पसंत होती म्हणजे तिन्ही मतं पडली. मग हरली कशी? यतीन म्हणाला, आई, आता पुरे. दियाने हेडफोन लावले. वीणा वर गेली ती जेवायला आली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

दोन दिवसांनी वीणा माझ्याशी बोलली. तेही मीच विचारलं म्हणून, कितीने पडलीस ग?

चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, एकाच मताने, आई.

एक मत म्हणजे काहीच नाही. कुणाचं ते मी शोधून काढणार आहे. मला मधुमतीचाच संशय येतो.