उदासीची वंशावळ

धार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, १९८५

चिरंजीव दत्तोपंत भावजी यांस राजाबाईचे आशीर्वाद, वयाने मोठी म्हणून. माझे गुडघे सोडून इकडे सर्व ठीक. तुमची तबियत कशी, आणि शशिकलेच्या पोळ्या फुगायला लागल्या का (लग्नाला चाळीस वर्षं झाली, आता विचारायला हरकत नाही), ते कळवावे.

पत्रास कारण, आमच्या घरचं रक्त फुकट गेलं. आमचा उमाशंकर दिवाळीपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. शाळेत शिकवायला जात नाही, दाढी करत नाही. मी दृष्ट काढली, शिव्या घातल्या, शेवटी इंदूरचा डॉक्टर आणवला. हा शालिग्राम डॉक्टर गोड बोलून सुई टोचणारा. म्हणाला, माताजी, हा आळस नाही, आजार आहे, आणि तो रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो का ते आम्ही शोधतोय. (आजार म्हटल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. सगळी गल्ली त्याला आळशी म्हणत होती, त्यात मी पहिली.) घरात पूर्वी कोणी असं होतं का? मी म्हटलं, रांगच आहे. मामंजी दोन वर्षं भिंतीकडे बघत बसले (संस्थान गेलं तेव्हा अर्धं धार तसंच बसलं होतं, ते सोडा), मग आमचे हे, आता उमाशंकर. डॉक्टर इतका खूष, की मला वाटलं पेढे वाटतो.

त्यानं उपाध्यायांकडून वंशावळ आणवली, तिची नक्कल केली. मामंजींचे सरदारपूरचे सगळे भाऊबंद बोलावून त्यांचं रक्त नेलं. सुई त्याची, पुरणपोळ्या माझ्या.

चौथ्या फेरीला सहज विचारतो, तुमच्या यजमानांचा जन्म धारचाच ना? मी म्हटलं, छे, देवासकडच्या पीपलरावां गावचा, आठव्या वर्षी दत्तक आले. भावजी, त्याच्या बशीतला चहा सतरंजीवर. "माताजी, ये बात पहले बतानी थी ना!" का म्हणून? होम झाला, गोत्र बदललं, मामंजींना पाणी यांनीच दिलं. पन्नास वर्षांत दत्तक हा शब्द ज्या घरात कोणी काढला नाही, तिथे मी सुईवाल्यापुढे काढायचा? (चारचौघांत तुम्हालाही मी देवासचे पाहुणेच म्हणते. इथे भावजी लिहिलंय, तेव्हा पत्र फाडून टाका.) तर म्हणे होमानं रक्त बदलत नाही. मग एवढं तूप कशाला जाळलं? सरदारपूरच्या रक्ताच्या शिश्या बाद झाल्या, आणि डॉक्टर कपाळाला हात लावून भिंतीकडे बघत बसला. मी म्हटलं, डॉक्टर भिया, आता तुमचंच रक्त काढा.

आता त्याला यांच्या जन्मघरचं रक्त हवंय. यांच्या पाठचे सख्खे तुम्ही एकटेच उरलात. तरी एका शिशीपुरते यावे.

राजाबाई

ता. क. उमाशंकरला गोळ्या सुरू आहेत. काल दाढी केली, एकाच गालाची. मी काही बोलले नाही. (हो, मीच.)

आणखी एक. शशिकलेचं कार्ड आलंय. तुम्हीही दसऱ्यापासून उठत नाही, बोलत नाही म्हणे. हे मी डॉक्टरला सांगितलेलं नाही, तो आनंदानं नाचेल. रक्ताचं राहू द्या, गोळ्यांचं बघू. यांना मी तीन वर्षं आळशी म्हणत राहिले, आता फोटोपुढे काय बोलणार? तुम्ही शनिवारच्या मोटारीनं या. बोलावं लागणार नाही, उमाशंकरही बोलत नाही. त्याच्या शेजारी तुमची गादी घातली आहे. भिंत लांब आहे, दोघांना पुरेल.