गोटूलाही घर आहे

नागपूर, सोमवार

प्रिय मार्तंडभाऊजी,

वहिनीचं पत्र बघून दचकू नका, आधी पूर्ण वाचा. तुमच्या चित्रकादंबरीचे पाचही भाग मी काल पुन्हा वाचले आणि माझं डोकं फिरलं. तुमचा तो नायक रुद्र भुयारात उडी मारतो, आणि वर दोर कोण धरून बसतो? त्याचा दोस्त गोटू. रुद्राला गोळी लागते, तर त्याला पाठीवर टाकून कोण पळतो? गोटूच. वाचकांचा तो लाडका, मान्य. पण पाच भागांत रुद्रानं एकदा तरी विचारलं का, की गोटू, तू जेवलास का, तुझ्या घरी कोण आहे? त्याला बायको असेल, ती भाजी पुन्हा पुन्हा गरम करून वाट बघत असेल, हे तुमच्या पेन्सिलीला कधी सुचलंच नाही.

गोटू म्हणजे आमचे हे, हे अख्ख्या गांधीबागेला ठाऊक आहे. तेच नाक, तेच पोट. पहिल्या भागाला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा ह्यांनी दुकानातल्या साड्यांच्या गठ्ठ्यांत एकेक प्रत घालून काटोल-नरखेडच्या दुकानदारांना पाठवली. शेठ भडकले, तर म्हणतात कसे, "दोस्ताचं पुस्तक हाय शेठ, साडीले काही डाग नाही लागत." आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला आणि हे भटजींना थांबवून राहिले, काहून तर मार्तंड अजून आला नाही. हार धरून माझे हात अवघडले होते, भाऊजी.

आणि चित्रासाठी नमुना हवा म्हणून तुमचे ते फोन! अंकुश, भिंतीवर चढल्याचा फोटो पाठव. अंकुश, पोतं खांद्यावर घे. हे ताटावरून उठतात. शनिवारी तुम्हाला विहिरीच्या काठाला लोंबकळणारा गोटू हवा होता. हे गच्चीच्या कठड्याला लोंबकळले. शेजारची पिंकी खालून फोटो काढत होती, मी ओरडत होते, "वर या, कठडा जुना आहे!" "एकच फोटो वं," म्हणाले, आणि विटा निसटल्या. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जिवावरचं टळलं.

खुब्याचं हाड मोडलंय. तो फोटो ह्यांनी तुम्हाला दवाखान्याच्या खाटेवरून पाठवला. तुमचं उत्तर आलं, "भारी! पण डावा हात जरा वर हवा होता." ते वाचून हे हसले. मी मोबाईल भिरकावणार होते. तुम्हाला माहीत नव्हतं, हे कळतं मला. म्हणून तर हा राग कुठे नेऊन ठेवू ते कळत नाही.

गुरुवारी ऑपरेशन आहे. मला शपथ घातली आहे, "त्याले फोन नको करू, त्याचा सहावा भाग अटकून जाईन." भीती वाटते का विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं. पण दाराचा पडदा हलला की मान वळते. माझा भाऊ आला, शेठ येऊन गेले, दर वेळी चेहरा पडला. शपथ फोनची आहे, पत्राची नाही. पिंकीचा नवरा आज तुमच्या पुण्याला निघतोय, त्याच्या हाती हे देते आहे. सहावा भाग राहू द्या, तुम्ही या. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या खाटेजवळ बसलेले दिसलात, तर भांडण बाजूला ठेवून तुमचाही डबा आणीन.

वैतागलेली, तरी तुमचीच,
रीनावहिनी