पहिल्या बेसकडची सावली

ती. अनसूयाताईस,

मदन महलहून दिवाकरचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल पाठवलं होतं ते तू लावतेस, की अनुपमच्या संघातल्या पोरीच पळवतात? आम्ही बरे आहोत, म्हणजे तुझी भावजय सुरेखा बरी आहे, पूर्णिमा माझ्याशी बोलत नाही आणि मी संतापलेलो आहे. फोन केला असता, पण तुझ्याकडे फोन अनुपमच उचलतो आणि तक्रार त्याच्याबद्दलच आहे. म्हणून हे पत्र सिहोऱ्याच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो.

तुला माहीतच आहे, इथल्या मुलींच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर मी आणि सिहोऱ्याच्या संघाचा कोच तुझा लेक अनुपम. गेल्या रविवारी पहिला सामना आमच्या मैदानावर झाला. खेळाडूंच्या बसायच्या जागेला डगआउट म्हणतात (परदेशात म्हणे ती जमिनीत खोल नि गारेगार असते, आमच्याकडे दोन बाकं आणि वर अर्धा पत्रा). एक बाक पहिल्या बेसकडे, दुसरं तिसऱ्याकडे. पहिल्याकडे दोन वाजल्यापासून पाण्याच्या टाकीची सावली येते, तिसऱ्याकडचं बाक असं तापतं की त्यावर पापड भाजावा. घरच्या संघानं कोणत्या बाजूला बसावं हे नियमात कुठेच नाही, मी अख्खं पुस्तक पालथं घातलं. ज्याचं मैदान त्यानं ठरवायचं, एवढीच रीत. मैदान आमचं, टाकी आमची. तिच्यात चार वर्षं पाणी नाही ही गोष्ट अलग, पण सावली तर आमची ना?

तरी सावलीत बसला सिहोऱ्याचा संघ. अनुपम आला, मी नेहमीप्रमाणे त्याच्या पाया पडलो (इकडे सगळेच मामा भाच्याच्या पाया पडतात, त्यात मी काय जगावेगळं केलं?) आणि वळून पाहतो तर त्यांचं बॅटींचं पोतं टाकीखाली. अंपायरसुद्धा म्हणाले, "भैया, होम टीम उधर धूप में काहे?" मी म्हटलं, मेहमान हैं. पूर्णिमानं पाच डाव चेंडू टाकला आणि दर वेळी त्या तव्यावर येऊन बसली. सहाव्या डावात तिला गरगरलं, ओळीनं चौघींना फुकट बेस दिले, चौथीला दिला तशी त्यांची धाव झाली आणि सामना गेला. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. विभागाच्या संघाची निवड या दोनच सामन्यांवर, आणि दुसरा येत्या रविवारी तुमच्या सिहोऱ्याला. तोही गेला तर पोरीचा खेळ संपला. घरी येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, घरच्यांनी उन्हातच बसायचं काय?"

आणि तुझा लेक काय करत होता? सावलीत बसून ग्लुकोज वाटत होता. मामेबहीण समोर भाजून राहिली आहे, तर एकदा म्हणावं की मामा, चलो, बाजू बदलू. नाही. भाचा झाला म्हणून काय झालं, माणसाला काही समज असावी की नाही? तू त्याला चांगलं खडसाव. माझ्यानं ते होणार नाही, म्हणून तुला लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
दिवाकर

ता. क. सुरेखानं पत्र वाचलं. ती म्हणते, काहून खोटं लिहिता? तर ताई, अनुपमनं पोतं उन्हातल्या बाकाजवळच ठेवलं होतं. ते उचलून सावलीत मीच नेलं. बाजू बदलू, असं तो तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा मी हात जोडले. भाच्याला उन्हात बसवून मामानं सावलीत बसायचं, हे मला जमत नाही. त्याला खडसावू नकोस.

ता. क. २. तुमच्या मैदानावर एकच कडुलिंब, तोही घरच्या संघाच्या बाकावर. रविवारी अनुपम मला म्हणेल, मामा, तुम्ही तिथं बसा. त्याला मी ओळखतो. मी नको म्हणेन. मलाही मी ओळखतो. म्हणून त्याला एवढंच सांग, की मामाला विचारू नकोस. पूर्णिमाला विचार.