कामाच्या टेबलाचे चार पाय

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गेली अकरा वर्षं उजव्या खांद्यामुळे मी तुला सात अंगांचाच नमस्कार पाठवत होतो. या खेपेला आठही अंगं आहेत. का, ते पुढे येईल. पान उलटून बघू नकोस.) भाऊजींचा गुडघा जिना चढू देतो का? तुझा नवा चष्मा आला असेल तर हे पत्र स्वतःच वाच. भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. ते कंसातला मजकूर गाळतात असा माझा अनुभव आहे, आणि माझा खरा मजकूर कंसातच असतो.

भिंगरीला सुटीत माझ्याकडे धाडलीस तेव्हा तिच्या पिशवीत माझ्यासाठी चिठ्ठी होती. "दहावी झाली. आता फिटरचं शिकायचं म्हणते. मामाचं ऐकेल. तिच्या डोक्यातून हे खूळ काढ. तुझे हात दाखव तिला." ताई, सव्वीस वर्षं पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातांचा एवढ्या थोडक्यात इतका पाणउतारा फक्त सख्खी बहीणच करू शकते. तरी कामगिरी मी घेतली. उपदेश मात्र केला नाही. उपदेशानं ती ऐकायची नाही. तुझीच पोरगी आहे. मी काट्यानं काटा काढायचं ठरवलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला धंदेशिक्षणाची संस्था आहे. तिथे शाळा संपवलेल्या मुलांसाठी सुटीत तीन आठवड्यांचा ओळखवर्ग असतो. मी होऊन तिचं नाव घातलं. माझा अंदाज असा होता: लोखंडावर दिवसभर कानस चालवायला लावतील, तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतील, चौथ्या दिवशी रडू येईल आणि पाचव्या दिवशी ती आपण होऊन कॉलेजचा अर्ज मागेल.

तिसऱ्या दिवशी फोड आले. (अंदाज अचूक होता, याची नोंद घ्यावी.) चौथ्या दिवशी ती दुकानात आली ती हाताला चिंध्या बांधून, पण डोळे कोरडे. मी टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात पंपाचा एक तुकडा आवळून कानशीनं घासत होतो. माझ्या मागे उभी राहून ती दहा मिनिटं नुसती बघत राहिली. मला वाटलं, मामाची कला बघून भारावली. मग तिनं भिंतीवरचा टेप काढला, माझं कोपर जमिनीपासून मोजलं, वाइसचा वरचा काठ मोजला आणि म्हणाली, "मामा, तुझं टेबल साडेसहा सेंटिमीटर उंच आहे."

मी म्हटलं, टेबल उंच नाही, तुझं ज्ञान बुटकं आहे. तर म्हणे, "वाइसचा काठ कोपराच्या उंचीला पाहिजे. पहिल्या दिवशीच शिकवतात. तू खांदा उचलून घासतोस. दुखत असेल ना?"

आता मला सांग, दुखत असेल ना! या खांद्यापायी दोन डॉक्टर झाले, एक मालिशवाला झाला, उशी बदलली, उशीनं भागेना म्हणून गादी बदलली, आणि सगळं करून मी कुशीवर झोपतो त्याचाच हा दोष, असं तुझी भावजय आजतागायत म्हणते. आणि टेबल तर मी दुकान काढताना एका ताडमाड सुताराकडून घेतलेलं. तो गेला, त्याची उंची माझ्या दुकानात राहिली. पण हे मला एका चार दिवसांच्या विद्यार्थिनीनं सांगावं? माझ्या पाटीवर स्वतःच्या हातानं रंगवलेलं आहे: "कोणाकडेही न शिकलेला कारागीर." त्या पाटीखाली उभं राहून ऐकलं मी हे.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो, भांडायला. (इस्त्रीचा शर्ट घालून. भांडण असलं तरी शाळा ती शाळा.) लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना वाइस, प्रत्येकाशी एक पोर आणि कानशींचा असा आवाज की भांडण चढ्या आवाजातच करावं लागतं. शिकवणाऱ्या बाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. लाकडी पाटावर उभ्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि लोखंडाचा एक चौकोनी तुकडा हातात दिला. "दादा, एवढी एक बाजू सपाट करून द्या." मी दिली. वीस मिनिटांत, घाम न गाळता. आसपासची पोरं कामं टाकून बघत होती. बाईंनी त्यावर गुण्याची सरळ पट्टी ठेवली आणि तुकडा खिडकीकडे धरला. मधोमध तुकडा गुण्याला टेकला होता आणि दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ. "हात छान आहे तुमचा," त्या म्हणाल्या, "पण उजेड दिसतोय." ताई, सव्वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं माझं काम खिडकीत धरून बघितलं नव्हतं! मागून भिंगरी हळूच म्हणाली, "माझ्यात पहिल्या दिवशी याच्यापेक्षा जास्त दिसत होता, मामा." पोरगी मनानं तुझ्यावर गेली नाही, चांगली आहे.

मग तुझ्या मनातला प्रश्न मी विचारलाच. म्हटलं, बाई, हे सगळं ठीक. पुढे पोटाला काय? शिकून नोकरी लागते का? मला वाटलं, छापील कागद देतील हसऱ्या मुलांच्या फोटोंचा. त्यांनी दाराजवळचा फळा दाखवला. मागच्या तुकडीचे एकवीस जण, खडूनं लिहिलेले. नऊ जण कारखान्यांत उमेदवारीला. चौघांची स्वतःची दुकानं. दोघी इस्पितळात यंत्रं सांभाळतात. तिघं पुढे शिकतायत. (बेरीज करून पाहिली, अठरा.) आणि खाली तीन नावं, पुढे लिहिलेलं: "अजून शोधत आहेत." मी म्हटलं, ही पुसत का नाही? म्हणाल्या, "लागेपर्यंत मीही शोधतेय ना." ताई, जी बाई आपलं राहिलेलं काम दारातच लिहून ठेवते, तिच्या हाती पोर द्यायला मला भीती वाटत नाही. मला तर माझे बिघडलेले पंप मागच्या खोलीत झाकून ठेवायची सवय.

टेबलाचे पाय कापायला मी तरीही तयार नव्हतो. त्याऐवजी पायाखाली फळकूट घेतलं, मोजून साडेसहाचं. एका दिवसात तीनदा पडलो. पाऊल मागे टाकताना फळकूट संपतं हे शरीराला कळायला वेळ लागतो. तिसऱ्यांदा ग्रीसच्या डब्यात बसलो, तेही समोर गिऱ्हाईक असताना. तेव्हा भिंगरीच्या हाती करवत दिली. तिनं चारही पायांना आधी चहूबाजूंनी रेघ मारली आणि तीन पाय त्या रेघेवर कापले. चौथा मी मागून घेतला. म्हटलं, अनुभवी डोळ्याला रेघ लागत नाही.

टेबल डुगडुगतं. चौथा पाय चार मिलिमीटर आखूड आहे. त्याखाली पत्र्याची घडी सारली आहे. गिऱ्हाइकानं विचारलं तर भिंगरी गंभीरपणे सांगते, "तो पाय कोणाकडेही शिकलेला नाही." पण नऊ दिवस झाले, खांदा दुखलेला नाही. हे सहा पानी पत्र एका बैठकीत लिहिलं, यावरून ओळख.

हिच्याकडून नमस्कार. (कुशीवर झोपण्याबद्दलचा शब्द तिनं अद्याप मागे घेतलेला नाही.)

तुझा धाकटा

ता. क. सोबत दोन वर्षांच्या फिटरच्या वर्गाचा प्रवेशअर्ज आहे. पालकाच्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली आहे. शनिवार शेवटचा दिवस. भिंगरीनं मला गळ घातलेली नाही. अर्ज भरून तिनं नुसता माझ्या चष्म्याखाली ठेवला. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी तिला माझे हात दाखवले. तिनं ते मोजले.

ता. क. दुसरा. उमेदवारीची हमी कोणी देत नाही. फळ्यावर तीन नावं होती हे मी तुझ्यापासून लपवलं नाही, तूही भाऊजींपासून लपवू नकोस. पण पहिल्या अठरांचंही सांग.

ता. क. तिसरा, आणि हा भाऊजींना वाचून दाखवू नये. संस्थेत माझ्यासारख्या अनुभवी कारागिरांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. बाई म्हणाल्या, टेबल नीट झालंय, आता बसा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. नववीत मी शाळा टाकली तेव्हा तो आणायला तूच गेली होतीस, आणि मी फाडायला निघालो तर हातातून हिसकावून ट्रंकेत टाकलास. म्हणालीस, लागेल कधीतरी. मी म्हटलं होतं, मला नाही लागायचा.

ताई, लागला. अर्जाबरोबर तोही पाठव.